‘आम्ही’ आणि ‘आपण’: बहुभाषिक शिक्षणविचारातील एक नैतिक प्रश्न

१

मुलाचे प्राथमिक शिक्षण त्याच्या मातृभाषेतून व्हावे, हे तत्त्व आज जवळजवळ निर्विवाद मानले जाते. युनेस्कोने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ते स्वयंसिद्ध सत्यासारखे मांडले गेले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३५०अ ने भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्याची अपेक्षा राज्यांकडून व्यक्त केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, व्यवहार्य असेल तेथवर, शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी असे नमूद केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हाच विचार पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत नेला. ज्या तत्त्वाला कोणीच विरोध करीत नाही आणि तरीही जे प्रत्यक्षात क्वचितच उतरते, त्या तत्त्वाच्या शब्दरचनेतच काही संदिग्धता दडलेली असण्याचा संभव असतो. साहित्यसमीक्षेला परिचित असलेली संहितावाचनाची शिस्त येथे उपयोगी पडावी.

२०२० च्या धोरणातील संबंधित वाक्यात माध्यमाचा निर्देश करताना चार संज्ञा तिरक्या रेघांनी जोडून आल्या आहेत: घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा, प्रादेशिक भाषा. तिरकी रेघ एरवी विकल्प सुचविते. येथे ती समानार्थकतेचा आभास निर्माण करते. पुण्यातील मराठीभाषक घरातल्या मुलाच्या बाबतीत या चारही संज्ञा बहुतांशी एकाच भाषेचा निर्देश करतात, त्यामुळे रेघेची अडचण जाणवत नाही. मेळघाटातील कोरकू मुलाच्या बाबतीत मात्र घरची भाषा कोरकू असते, बाजारातली बहुधा हिंदी आणि राज्याची मराठी. या चारांपैकी कोणतीही एक निवडली तरी धोरणाचे पालन झाल्यासारखे दिसते; आणि निवड करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो ते स्वाभाविकपणे सोयीची भाषा निवडतात. मुलाच्या भाषेला दिलेले आश्वासन अशा रीतीने तिचे नावही न घेता मोडता येते.

कर्नाटकातील माध्यमविषयक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, मुलाची मातृभाषा कोणती हे त्याच्या वतीने पालकांनी ठरवावयाचे असते. प्राथमिक स्तरावर शासनाला विशिष्ट भाषा लादता येत नाही. धोरणाच्या वाक्यात जी निवड शासनाच्या पदरात पडते, ती या निर्णयात पालकाच्या हाती सोपविली गेली आहे. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: ‘मातृभाषा’ ही निसर्गदत्त वस्तुस्थिती राहिलेली नसून ती निर्णयाची बाब झाली आहे. निर्णय म्हटला की तो कोण घेतो, कोणासाठी घेतो आणि कोणाच्या दृष्टीने न्याय्य ठरतो, हे प्रश्न अटळ होतात. बहुभाषिक शिक्षणाचे सिद्धान्त या प्रश्नांना कितपत भिडतात, हे पाहणे त्यामुळे अगत्याचे आहे.

२

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्विभाषिकता ही बौद्धिक विकासातील अडथळा आहे, असा समज शिक्षणशास्त्रात रूढ होता. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधील मुलांचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्या समजाला पहिला मोठा धक्का दिला. सामाजिक-आर्थिक स्तरासारखे घटक विचारात घेऊन तुलना केली असता द्विभाषिक मुले मागे नव्हे तर पुढे असल्याचे त्यांना आढळले. पुढे लॅम्बर्ट यांनीच केलेला भेद अधिक मूलगामी ठरला. पहिली भाषा अबाधित राहून तिच्यात दुसरीची भर पडते ती बेरजेची द्विभाषिकता. दुसरी भाषा पहिलीला हटवून तिची जागा घेते ती वजाबाकीची द्विभाषिकता. एकाच वर्गात, एकाच पाठ्यपुस्तकातून दोन मुले दुसरी भाषा शिकत असतात आणि एकाच्या बाबतीत ती बेरीज असते तर दुसऱ्याच्या बाबतीत वजाबाकी. हा फरक अध्यापनपद्धतीतून जितका येतो त्याहून अधिक त्या दोन भाषांच्या सामाजिक प्रतिष्ठेतून येतो.

जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेल्या परस्परावलंबनाच्या अभ्युपगमाने या विचाराला शैक्षणिक कार्यक्रमाचे रूप दिले. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या दोन भाषांच्या तळाशी आकलनाची व विचाराची एकच सामाईक क्षमता असते. म्हणून पहिल्या भाषेत रुजलेले वाचन, अनुमान, युक्तिवाद दुसऱ्या भाषेत संक्रमित होतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दैनंदिन संभाषणाची भाषा आणि शाळेतील अमूर्त विचाराची भाषा यांत त्यांनी केलेला भेदही महत्त्वाचा आहे. पहिली साधारणतः दोन वर्षांत अवगत होते. दुसरीला पाच ते सात वर्षे लागू शकतात. अंगणात मराठी सफाईने बोलणारे गोंड मूल चौथीच्या गणितातील शाब्दिक उदाहरणापाशी का थबकते, याचे उत्तर या भेदात सापडते. त्याची बुद्धी उणी नसते. त्याच्या संभाषणक्षमतेलाच शैक्षणिक क्षमता समजण्याची घाई शाळेने केलेली असते.

भारतीय संदर्भात अजित मोहंती यांनी ओडिशातील कंध समाजात केलेले संशोधन या मांडणीला बळकटी देते. एकाच समाजातील काही गट कुई आणि ओडिया दोन्ही बोलतात, तर काहींची कुई सुटून केवळ ओडिया उरली आहे. संस्कृती व आर्थिक स्थिती सारखी असताना द्विभाषिक मुलांची बौद्धिक व भाषाविषयक जाण सरस असल्याचे त्यांना दिसले. पुढे आंध्र प्रदेशात २००४ पासून आठ आणि ओडिशात २००६ पासून दहा आदिवासी भाषांमधून मातृभाषाधारित बहुभाषिक शिक्षणाचे कार्यक्रम सुरू झाले, त्यांना या विचारपरंपरेची पार्श्वभूमी होती.

येथवरची मांडणी आश्वासक आहे. तथापि तिच्या तळाशी असलेला युक्तिवाद उपयुक्ततावादी आहे, हे नजरेआड करता येत नाही. मुलाच्या भाषेला वर्गात प्रवेश द्यावा, कारण त्यामुळे त्याला राज्यभाषा आणि इंग्रजी अधिक चांगली येईल. कार्यक्रमांची रचनाही बहुधा याच तर्काला अनुसरते: पहिल्या इयत्तेत मातृभाषेचे प्रमाण सर्वाधिक, मग ते क्रमाने घटत जाते आणि प्राथमिक टप्प्याच्या अखेरीस भाषा वर्गाबाहेर पडते. नदी ओलांडली की नावेचे प्रयोजन संपते, तसे. प्रशासनाला पटण्याजोगा हा युक्तिवाद आहे आणि त्याने अनेक मुलांचे प्रत्यक्ष हितही साधले असेल. परंतु उद्या एखाद्या संशोधनाने असे दाखविले की घरची भाषा पूर्णपणे वगळूनही मराठी वा इंग्रजी तितकीच उत्तम शिकविता येते, तर त्या भाषेचा वर्गावरील हक्क संपुष्टात येईल काय? उपयुक्ततेच्या पायावर उभ्या असलेल्या सिद्धान्ताला या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. ज्या भाषेत मूल आपल्या आजीशी बोलते, रुसते, जग ओळखते, ती भाषा केवळ साधन ठरते. आणि भाषा साधन ठरली की तिच्यातून घडलेला मुलाचा स्वभाव, स्मृती व नातीही पुढच्या पायरीसाठी वापरण्याचे द्रव्य ठरतात.

टोव्ह स्कुटनाब-कांगास यांनी भाषिक मानवी हक्कांची जी भूमिका आयुष्यभर मांडली, ती या उणिवेची भरपाई करू पाहते. त्यांच्या मते मुलाला त्याच्या भाषेपासून तोडणारे शिक्षण हा अन्याय आहे, मग परीक्षेचा निकाल काहीही लागो. हक्काच्या भाषेची ही शक्ती आहे. तिला मर्यादाही आहे. हक्क बजावायचा तर भाषेला निश्चित नाव, सीमा आणि मोजता येण्याजोगी भाषकसंख्या लागते. भारतातील भाषाव्यवहार या चौकटीत सहज बसत नाही. २०११ च्या जनगणनेत लोकांनी नोंदविलेल्या १९,५६९ मातृभाषानामांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा आणि अखेरीस दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा उरल्या. हक्क कोणत्या यादीतील नावांना द्यावयाचे?

देबीप्रसन्न पट्टनायक आणि रमाकांत अग्निहोत्री यांच्या लेखनाने या अडचणीतून वेगळी वाट दाखविली. त्यांच्या दृष्टीने बहुभाषिकता म्हणजे अनेक एकभाषिकतांची बेरीज नव्हे. ती भारतीय माणसाच्या असण्याचीच एक रीत आहे. वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी १९९४ च्या सुमारास वर्णिलेली आणि पुढे ओफेलिया गार्सिया यांनी विस्तारलेली ‘ट्रान्सलँग्वेजिंग’ ही संकल्पनाही याच दिशेची आहे: मूल आपल्या समग्र भाषासंचितातून एकाच वेळी अर्थ घडविते, भाषांच्या सीमा शाळेने आखलेल्या असतात. वर्णन म्हणून हे यथार्थ आहे. मात्र वर्गात सर्व भाषा मुक्तपणे मिसळू देणारी शाळा वर्षाच्या शेवटी एकाच प्रमाणभाषेत उत्तरपत्रिका मागत असेल, तर त्या मुक्ततेची किंमत अखेर मुलालाच मोजावी लागते. म्हणजे उपयुक्ततेचा सिद्धान्त भाषेला साधन करतो, हक्काचा सिद्धान्त तिला सीमाबद्ध करतो आणि प्रवाहीपणाचा सिद्धान्त सत्तेचे भान सैल करतो. यापुढे विचार न्यायचा तर एखाद्या विशिष्ट भाषासमाजाकडे, आणि त्याच्या स्वतःविषयीच्या समजाकडे पाहावे लागते.

३

मराठी भाषकसमाज गेली जवळजवळ दोनशे वर्षे माध्यमाच्या प्रश्नाशी झुंजत आहे. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षणमंडळात अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांचा पक्ष घेतला, तेव्हाच्या वादातील बहुतेक मुद्दे आजही ऐकू येतात. त्याच काळात मराठीचे शालेय रूप घडत होते. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा कोश आला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण. शालेय पुस्तकांच्या भाषेवर मेजर कँडी यांची करडी नजर राहिली. आज जिला स्वाभाविक, शुद्ध मराठी म्हटले जाते ती अशा रीतीने कोश, व्याकरण आणि क्रमिक पुस्तक यांच्या संयोगातून स्थिर झाली. तिच्या घडणीत एका प्रदेशाच्या आणि काही जातींच्या बोलीला झुकते माप मिळाले, हे आता नव्याने सांगावयास नको.

ही भाषा आजही स्वतःला वंचित मानते, आणि ते निराधार नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्ग गावोगाव पोहोचले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचा शासननिर्णय झाला तेव्हा तीव्र विरोध उसळला आणि जूनच्या अखेरीस तो निर्णय मागे घेतला गेला. त्या वेळी मांडला गेलेला एक प्रमुख युक्तिवाद असा होता की, घरात न बोलली जाणारी भाषा कोवळ्या वयात लादणे मुलावर अन्याय करणारे आहे. हा युक्तिवाद योग्यच होता. प्रश्न असा की, तो गडचिरोलीच्या गोंड मुलाला, मेळघाटच्या कोरकू मुलाला, नंदुरबारच्या पावरी वा भिली बोलणाऱ्या मुलाला लागू होतो की नाही. त्या मुलाच्या दृष्टीने पहिलीत भेटणारी पहिली परकी भाषा मराठी असते. इंग्रजी दुसरी, आणि हिंदी आली असती तर तिसरी. वरून येणाऱ्या भाषेपुढे जो युक्तिवाद केला जातो, तोच खालून आपल्याकडे पाहणाऱ्या भाषेच्या तोंडून ऐकण्याची तयारी आहे काय, ही मराठी भाषाप्रेमाची खरी नैतिक कसोटी आहे.

या भाषांना मराठीच्या बोली समजण्याचा प्रमाद शाळेत वारंवार होतो. भिली व तिच्याशी संबंधित भाषा आर्यकुळातील आहेत. गोंडी द्राविडी कुळातील आहे. कोरकू ही मुंडा गटातील, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा आहे. महाराष्ट्राच्या सीमेत तीन भाषाकुळे नांदतात आणि तिन्ही कुळांतली मुले एकच बालभारती हाती घेऊन बसतात. मराठीत तीन लिंगे आहेत. गोंडीत पुल्लिंग आणि पुल्लिंगेतर असा द्विविध भेद आहे. कोरकूत मुख्य भेद सजीव आणि निर्जीव यांचा आहे, आणि एकवचन व अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचन आहे. गोंड वा कोरकू मूल ‘ते झाड’ याऐवजी ‘तो झाड’ किंवा ‘ती झाड’ म्हणते, तेव्हा ते नियम मोडत असते असे नाही. जग विभागण्याचा एक दुसरा नियम हाताशी धरून ते तिसऱ्या नियमाकडे सरकत असते. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये शिकणाऱ्याच्या चुकांविषयी जे सांगितले त्याचा गाभा हाच आहे: चूक हा व्यवस्थेचा पुरावा असतो. लाल शाईला हा पुरावा वाचता येत नाही.

येथे साहित्याचा अनुभव अप्रस्तुत ठरू नये. गेल्या सात दशकांत मराठी साहित्याने प्रमाणभाषेची कडी सैल केली. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली, उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६० मध्ये वऱ्हाडीला कादंबरीत प्रतिष्ठा दिली, १९७२ च्या ‘गोलपिठा’ने नामदेव ढसाळांच्या कवितेतून महानगराच्या तळातली भाषा उचलून धरली. समीक्षेने या भाषांचे स्वागत केले, त्यांचे सौंदर्यशास्त्र उभारले. बहिणाबाई पाठ्यपुस्तकातही आल्या. परंतु ज्या खानदेशी वळणाचे पाठ्यपुस्तकातील कवितेत कौतुक होते, त्याच वळणाने लिहिलेले मुलाचे उत्तर अशुद्ध ठरून त्याचे गुण कापले जातात. कवितेतील बोली आस्वादाचा विषय झाली, उत्तरातील बोली मात्र दोष राहिली. ज्या समीक्षेने बोलीचा आस्वाद शिकविला तिने या विसंगतीची दखल फारशी घेतली नाही. सौंदर्याची मान्यता आणि न्यायाची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते. आणि ही तर मराठीच्या परिघातील बोलींची स्थिती झाली. गोंडी वा कोरकू यांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातील ते कौतुकही क्वचितच येते.

४

या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्याच समाजांकडून येतो, आणि म्हणून तो बाजूला सारता येत नाही. घरच्या भाषेचा आग्रह हा वंचितांना वंचित ठेवण्याचा नवा मार्ग नव्हे काय? सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचे आवाहन आहे. ज्यांना देशी भाषांनी ज्ञानाची दारे बंद केली त्यांना इंग्रजी मुक्तीची भाषा वाटली, यात विपरीत काही नाही. स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात घालणाऱ्यांनी आदिवासी पालकाला गोंडीचे महत्त्व सांगावे, यातील दांभिकता त्या पालकाला नेमकी कळते.

या आक्षेपातील सत्य मान्य केले तरी त्याचा निष्कर्ष तपासावा लागतो. आपल्या मुलाने मराठी-इंग्रजी शिकावे असे म्हणणारा पालक त्याने गोंडी विसरावे असे म्हणत नसतो. दोन्हींपैकी एक निवडण्याची सक्ती शाळेच्या रचनेने त्याच्यावर केलेली असते. वजाबाकीची अट घातलेली निवड ही मुक्त निवड नव्हे. पालकाच्या संमतीचा आधार घेणाऱ्यांनी एका घटनेचाही विचार करावा. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःहून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२ मध्ये शिक्षणखात्याने ती विनामान्यता चालत असल्याबद्दल नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ज्या कायद्याने मातृभाषेतील माध्यमाची अपेक्षा व्यक्त केली, त्याच कायद्यातील मान्यतेच्या अटी त्या माध्यमाच्या शाळेविरुद्ध उभ्या राहिल्या. पालकांनी इंग्रजी निवडली की तिला लोकेच्छा म्हणावयाचे आणि गोंडी निवडली की नियमभंग, ही भूमिका तर्कदृष्ट्या सुसंगत नाही.

५

वर्गासाठी या विवेचनाचे काही परिणाम संभवतात, आणि ते केवळ मोठ्या योजनांवर अवलंबून नाहीत. पहिला परिणाम मूल्यमापनाशी संबंधित आहे. मुलाला विषय कळला आहे की नाही आणि त्याला ते प्रमाण मराठीत मांडता येते की नाही, या दोन भिन्न गोष्टींसाठी एकच गुण देणे अन्यायाचे आहे. भूगोलाच्या उत्तरात भूगोल तपासला जावा. भाषेची दुरुस्ती अवश्य व्हावी, पण ती शिक्षा म्हणून नव्हे. दुसरा परिणाम अध्यापनाशी निगडित आहे. अग्निहोत्री यांनी सुचविलेल्या पद्धतीनुसार वर्गातील सर्व भाषांमधून अनेकवचनाची रूपे गोळा करून मुलांनीच त्यांचे नियम शोधावेत. कोरकू मूल तेथे द्विवचन घेऊन येते आणि मराठीभाषक मुलाला प्रथमच कळते की आपल्या भाषेत नसलेली एक कोटी शेजाऱ्याच्या भाषेत आहे. ज्याला इतके दिवस उणे समजले गेले, त्याच्याकडून वर्ग काही शिकतो. अशा तासात घरची भाषा पुढच्या भाषेची पायरी राहत नाही. ती ज्ञानाचा विषय आणि ज्ञानाचा स्रोत दोन्ही होते. तिसरा परिणाम शिक्षकाविषयीचा आहे. मुलांची भाषा जाणणारा शिक्षक नेमणे हे उत्तम. तो नसेल तेथे मुलांची भाषा शिकू लागलेला शिक्षक हवा. जो स्वतः चुकत चुकत गोंडी बोलतो, त्याला मुलाच्या मराठीतील चुकीकडे तुच्छतेने पाहणे अवघड जाते.

मुलाची भाषा वर्गात का असावी, याचे उत्तरही येथे मिळते. ती उपयुक्त असते हे खरेच. परंतु तिच्या उपस्थितीचा अंतिम आधार तो नव्हे. शिकविणे हा दोन माणसांमधील व्यवहार आहे, आणि ज्याला बोलते करावयाचे त्याचे बोलणे ऐकणे ही त्या व्यवहाराची पूर्वअट आहे. मुलाला प्रवेश देऊन त्याची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवणारी शाळा त्याला अर्धेच आत घेते.

प्रथमपुरुषी अनेकवचनाचे दोन प्रकार मराठीत आहेत: ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावणारे ‘आपण’. हिंदी वा इंग्रजीच्या सर्वनामांत हा भेद नाही. मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. कोरकूतही असा भेद आहे. म्हणजे आज वर्गात ज्यांना परके ठरविले जाते, त्या भाषांच्या कुळांशी मराठीची जवळीक तिच्या सर्वनामांइतकी खोल असू शकते. शाळेच्या भिंतीवर ‘आपली मातृभाषा मराठी’ असे लिहिलेले असते. समोर बसलेल्या गोंड वा कोरकू मुलाच्या दृष्टीने तेथे ‘आपली’ लिहिलेले असले तरी अर्थ ‘आमची’ असा होतो. तो शब्द खरा करावयाचा तर मराठीने वर्गातील आपले स्थान सोडण्याचे कारण नाही. त्या मुलाच्या भाषेला शेजारी जागा देण्याचे मात्र आहे.